दहा व्हीआर चष्मे घ्यावेत का? चाळीसगावकडच्या एका ताईंच्या पत्राला उत्तर

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतोय (व्हीआर चष्मा किंवा हेडसेट म्हणजे डोळ्याला लावला की आभासी जग आपल्याभोवती उभं करणारं यंत्र):

"सर नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मागच्या महिन्यात एकजण येऊन व्हीआर लॅबचा डेमो देऊन गेला. समितीची माणसं चष्मा घालून जाम खूश झाली, आता लोकवर्गणीतून दहा हेडसेट घ्यायचं चाललंय. तो म्हणतो भूमिती पोरांना डोळ्यासमोर उभी राहील. माझी अडचण तर खरीच आहे. फळ्यावर चौरस जरा तिरपा काढला की अर्धा वर्ग ओरडतो 'बाई, हाऊ ते पतंग शे', आणि घनाचं चित्र दाखवून विचारलं तर 'चौकोन' म्हणतात. पण नको म्हटलं तर गाव म्हणेल बाईंना नवीन काही नको असतं, आणि हो म्हटलं आणि दोन वर्षांत सगळं कपाटात गेलं तर लोकांचे पैसे माझ्या डोक्यावर. काय करू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. चष्म्याचं नंतर बोलू, आधी त्या पतंगाबद्दल बोलू द्या, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथंच आहे.

तुमची पोरं तिरप्या चौरसाला पतंग म्हणतात ना, ती ढ नाहीयेत आणि तुमचं शिकवणंही कमी पडलेलं नाहीये. नेदरलँड्समधे पिएर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ असं एक जोडपं होतं, दोघं शाळेत गणित शिकवायचे, आणि दोघांनाही तुमच्यासारखाच प्रश्न पडलेला की मी एवढं समजावून सांगतोय तरी पोरांना वेगळंच काहीतरी का ऐकू येतंय. त्यावर दोघांनी १९५७ साली उट्रेख्ट विद्यापीठात पीएचडी केली. त्यांनी सांगितलं की भूमिती डोक्यात पायरीपायरीने चढते. पहिल्या पायरीवर पोरगं आकाराला चेहऱ्याने ओळखतं. आपण बाजारात ओळखीचा माणूस बघतो तेव्हा त्याचं नाक मोजत बसत नाही, बघितलं की कळतं हे आपले आबा, तसंच. चौरस म्हणजे त्याच्यासाठी पाटासारखा सरळ बसलेला आकार, तो टोकावर उभा केला की चेहरा बदलला, मग तो पतंग. दुसऱ्या पायरीवर त्याला बाजू सारख्या आहेत, कोपरे काटकोनात आहेत हे दिसायला लागतं आणि मग आकार कसाही फिरवा त्याला फरक पडत नाही. त्याच्याही पुढच्या पायरीवर कुठं त्याला पटतं की प्रत्येक चौरस हा आयतसुद्धा असतो. आणि वय वाढलं म्हणून पोरगं आपोआप वरच्या पायरीवर जात नाही, मी नववीत पहिल्या पायरीवर बसलेली पोरं पाहिली आहेत. हाताने करून, त्यावर बोलून, एकमेकांशी वाद घालूनच ते चढतं.

मग आता चष्म्याला एकच प्रश्न विचारायचा, हा माझ्या पोरांना पुढच्या पायरीवर नेतो का? डेमोत काय दाखवलं ते तुम्ही लिहिलं नाही पण मी जे दोन-तीन डेमो पाहिलेत त्यात रंगीत घन हवेत फिरतो, मागून बाई बोलते घनाला ६ पृष्ठे, १२ कडा, ८ शिरोबिंदू असतात, संगीत वाजतं, संपलं. पोरगं वाव वाव करतं आणि चष्मा काढल्यावर तिरपा चौरस अजून पतंगच असतो. कारण त्याने फक्त बघितलं, आणि बघण्यात तर ते आधीच हुशार होतं.

म्हणजे मी व्हीआरच्या विरोधात आहे असं समजू नका बरं का. घनाचं जे तुम्ही लिहिलंय तिथं त्याचा खरा उपयोग आहे. बघा आपण काय करतो, चौथीच्या पोराला महिनाभर घोकून घेतो की चौरसाचे चारही कोन काटकोन, आणि मग घन काढतो तेव्हा त्याची बाजूची आणि वरची पृष्ठं अशी तिरकी, चेपलेली काढतो आणि म्हणतो हाही चौरसच. पोराच्या बाजूने विचार केला तर आपण त्याला फसवतोय. कागद सपाट आहे, त्यावर तिसरी दिशा येतच नाही, ती डोक्यात भरून घ्यायची सवय आपल्याला झालेली असते, त्याला नसते. चांगल्या हेडसेटमधे घन चेपत नाही. त्याच्याभोवती चालता येतं, खाली वाकून बूड बघता येतं, खोलीएवढा मोठा करून आत उभं राहून आठ कोपरे आठ बाजूंना बोट करून मोजता येतात. घन कापत नेणारी एक पातळ पाटी एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी, हळूहळू सरकवली की आधी कोपऱ्यात छोटा त्रिकोण, मग तो मोठा, मग बरोबर मधोमध आला की षटकोन. घनातून षटकोन निघतो हे मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि त्या रात्री घरी येऊन मी बटाटे कापत बसलो होतो. हे हातातल्या खोक्यात दिसत नाही, चष्म्यात दिसतं. व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात हानेस कॉफमन यांनी कन्स्ट्रक्ट३डी नावाची अशीच सोय बनवली, त्यात विद्यार्थी एकाच जागेत उभे राहून हवेत घन-शंकू रचायचे आणि छेद घ्यायचे. पण ते काम मोठ्या वर्गांतल्या मुलांसोबत झालं, आणि तिथं विद्यार्थी स्वतः रचत होता, त्याला कोणी फिल्म दाखवत नव्हतं. हे दोन फरक लक्षात ठेवा, पुढं दोन्ही लागणार आहेत.

मोठी मुलं का म्हणालो ते सांगतो, कारण यावर तुमच्या समितीत कोणी बोललं असेल असं वाटत नाही. मेटा क्वेस्ट नावाचा व्हीआर चष्मा बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की १० वर्षांखालच्या मुलांनी वापरू नका, आणि १० ते १२ ची मुलं पालकांनी चालवलेल्या अकाउंटवर. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरला तर १२ वर्षं आहे. तुमची तिसरी-चौथी म्हणजे ८-९ वर्षांची पोरं. म्हणजे बनवणारा नको म्हणतोय आणि विकणारा घ्या म्हणतोय. नियम बाजूला ठेवला तरी साधं गणित बघा, मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, भिंगं त्या हिशोबाने बसवलेली असतात, क्वेस्ट २ मधे ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत. लहान पोराचं अंतर बऱ्याचदा ५८ पेक्षाही कमी भरतं. मग त्याला चित्र धूसर दिसतं आणि ते तुम्हाला सांगतही नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसत असेल. वर तो चष्मा अर्धा किलोचा, मान कोवळी. आणि डोळ्यांची एक गंमत अशी की समोरची वस्तू जवळ आहे असं वाटून दोन्ही डोळे आत वळतात पण पडदा मात्र ठरलेल्या अंतरावरच असतो, त्या ओढाताणीत डोकं दुखतं, काहींना मळमळतं. ज्या पोराला फिट येते त्याला तर अजिबात घालायचा नाही. माझ्या साडेआठ वर्षांच्या भाचीला आम्ही हौसेने एका प्रदर्शनात घातला होता, दहा मिनिटांनी ती भिंत धरून बसली, संध्याकाळी जेवली नाही. तेव्हापासून मी या बाबतीत कडक झालोय.

दुसरं म्हणजे "व्हीआर" नावाखाली काय विकतात ते तपासा. बऱ्याच स्वस्तातल्या लॅब म्हणजे मोबाईल खोक्यात घालून डोळ्याला लावायचा, तेवढंच. गुगलने २०१४ मधे कार्डबोर्ड काढला तो पुठ्ठ्याचाच होता. त्यात डोकं फिरवलं की आजूबाजूचं दिसतं पण एक पाऊल पुढं टाकलं तरी तुम्ही वस्तूच्या जवळ जात नाही, वस्तू तेवढीच लांब राहते. प्रवासवर्णन बघायला ठीक आहे. भूमितीला काही कामाचं नाही हो, कारण घनाच्या मागं काय आहे ते बघायला मागं जावं लागतं ना. म्हणून तो विक्रेता परत आला की त्याला सांगा दादा एक घन समोर ठेव, आणि तुमच्या समितीतल्या एखाद्या आप्पांना चष्मा घालून चालत त्याच्या मागं जायला सांगा. गेले तर खरं. नंतर सांगा की आता हा घन मला स्वतः उलगडून त्याची घडण, म्हणजे दुमडला की घन होईल असा सपाट आकार, करायचीय, कुठल्या कडा कापायच्या ते मी ठरवणार. करता आलं तर आणखी खरं. तिसरं विचारा की नेट बंद असताना चालतं का आणि बोलणं मराठीत आहे का. चौथं, ही कंपनी उद्या ॲप बंद करून बसली तर काय. हे मी उगाच नाही म्हणत, गुगलने शाळांसाठी एक्सपिडिशन्स म्हणून ॲप काढलं होतं, जगभरच्या शाळा वापरायच्या, २०२१ मधे बंद केलं, कार्डबोर्डची विक्रीही त्याच वर्षी थांबवली. गुगलचं असं होतं तर तालुक्याला येणाऱ्या विक्रेत्याचं काय घेऊन बसलात.

कपाटाची तुमची भीती मला माहितीय. मी ज्या शाळेवर होतो तिथं टॅब आले होते, फीत कापली, फोटो झाले, ज्या सरांकडे पासवर्ड होता त्यांची बदली झाली आणि संपलं. आम्ही कोणी वाईट नव्हतो, त्या टॅबवर सोमवारी तिसऱ्या तासाला नेमकं काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून आता सोमवारी तिसऱ्या तासाला काय करायचं ते सांगतो.

ज्वारीचं चिपाड. आपल्याकडे दादर ज्वारी निघाली की ढिगाने असतं आणि तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्याची बैलगाडी केलेली असणार. वरच्या सालीच्या काड्या काढायच्या, आतला मऊ गाभा कापून त्याचे छोटे तुकडे म्हणजे कोपरे. १२ सारख्या काड्या आणि ८ तुकडे दिले की घन. करायला लागलं की पोरालाच कळतं ११ काड्यांत भागत नाही. (अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन हेच किती वर्षं शिकवलंय, चिपाड हा आपला खान्देशी अवतार.) आता तो घन हलवायला सांगा, तो डुगडुगतो, बाजूने दाबला की त्याचे चौरस तुमच्या डोळ्यादेखत पतंगासारखे तिरके होतात. इथं थांबा आणि विचारा, बाजू बदलल्या का? नाही. मग काय बदललं? या एका प्रश्नावर अर्धा तास घालवा, घाई करू नका, कोन हा शब्द त्यांच्या तोंडून निघू द्या. मग न दाबलेला चौरस नुसता टोकावर उभा करा आणि तोच प्रश्न परत. काही बदललं का? बाजू त्याच, कोपरे तेच. हाऊ पतंग शे का चौरस शे, भांडू द्या. मग ६ काड्या आणि ४ तुकड्यांचा त्रिकोणी मनोरा करायला लावा, तो दाबला तरी हलत नाही. का हलत नाही ते गावातल्या सुताराला नाहीतर पत्र्याचं शेड बांधणाऱ्याला विचारून या म्हणावं. आणि जाता जाता मोजायला लावा, कोपरे अधिक पृष्ठं, त्यातून कडा वजा. घनाचं ८ अधिक ६ वजा १२, मनोऱ्याचं ४ अधिक ४ वजा ६. दोन्हीकडे २ आलं की वर्गात जी शांतता पसरते ना ताई, त्यासाठी मी बावीस वर्षं मास्तर राहिलो.

घडणीसाठी लग्नपत्रिका जमवा, लग्नसराईनंतर घरोघरी पडून असतात आणि पुठ्ठा छान कडक असतो. सारखे ६ चौरस एकमेकांना कडेने जोडायचे, वेगवेगळे ३५ आकार होतात, त्यातले फक्त ११ दुमडून घन होतात. पोरांना ११ हा आकडा सांगू नका, सापडेल ती घडण भिंतीवर चिकटवा, दिवाळीपर्यंत शोध चालू द्या. नवीन म्हणून आणलेली एखादी ही आधीचीच फिरवलेली निघते, आणि ती आधीचीच आहे हे जे पोरगं भांडून सिद्ध करतं ते पतंगाच्या पायरीवरून वर गेलं असं समजा.

पाचवीच्या पोरांना गुंठा द्या. गुंठा शब्द घरात रोज ऐकतात पण पायाखाली कोणी बघितलेला नसतो. शाळेच्या मैदानात फक्कीने ३३ फूट बाय ३३ फूट आखा, १०८९ चौरस फूट, झाला गुंठा. शेजारी ११ फूट बाय ९९ फूट आखा, जागा नसेल तर रस्त्याकडेला. तोही गुंठाच. आता रानडुकरांपासून वाचवायला दोन्हीला तारेचं कुंपण घालायचंय, कोणाला तार जास्त? एकाला १३२ फूट, दुसऱ्याला २२०. परिमिती आणि क्षेत्रफळ यातला गोंधळ पाठ करून जात नाही, तो असा तारेच्या पैशाने जातो. मग सगळ्यांना शाळेच्या गच्चीवर नेऊन वरून दाखवा. वरून बघणं हेच तर चष्मेवाला विकतोय.

आता समितीत काय बोलायचं. नाही म्हणू नका. म्हणा, दहा नको, एक घेऊ, आणि तो चौथीसाठी नको, शेजारच्या हायस्कूलसोबत मिळून सहावी-सातवी-आठवीच्या पोरांसाठी घेऊ, ज्यांचं वय १० च्या पुढं आहे. एकजण घालेल, त्याला जे दिसतंय ते टीव्हीवर सगळ्यांना दिसेल, आणि बाकीचे त्याला सांगतील इकडं काप, तिकडून बघ. तो ७-८ मिनिटांत उतरवेल, दुसरा चढवेल. दहा पोरं दहा चष्म्यांत गप्प बसण्यापेक्षा एका चष्म्याभोवती दहा पोरं वाद घालतात ते मला कितीतरी जास्त आवडतं. उरलेल्या पैशात शाळेला चांगला टीव्ही नसेल तर तो, नाहीतर एक बरा टॅब. त्यात जिओजेब्रा नावाचं गणिताचं ॲप टाका, ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मधे साल्झबुर्गला शिकत असताना सुरू केलेलं, शाळांना फुकट आहे, त्यात ३डी भाग आहे, घन बोटाने फिरवता येतो, कापता येतो, घडण उलगडता येते. चौथीला हे चष्म्याशिवाय पुरतं, डोळेही शाबूत राहतात. पण आधी हातात चिपाडाचा घन, मग पडद्यावरचा, हा क्रम सोडू नका.

आणि गाव काय म्हणेल याची धास्ती घेतलीय ना, तर समितीची मीटिंग वर्गात घ्या, भिंतीवर घडणी लावलेल्या असू द्या, त्यांत न दुमडणारे एक-दोन आकारही मिसळा, एका पोरीला उभी करा आणि तिला आप्पांना विचारू द्या की सांगा बरं यातली कोणती दुमडून डबी होणार नाही. आप्पा अडकतील, सगळे हसतील, आणि मग तुमचं म्हणणं ऐकतील. वर्गणी देणाऱ्या माणसाला आपली पोरगी हुशार झालेली बघायची असते, चष्मा हे त्याला सापडलेलं एक साधन आहे फक्त.

सहलीचे चार पैसे बाजूला ठेवता आले तर पाटणादेवीला न्या, तुम्हाला तर जवळच. पोरं देवीला आणि धबधब्याला जातातच, पण तिथं इ.स. १२०७ चा शिलालेख आहे हे त्यांना सांगा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला असं त्यात कोरलंय. म्हणजे आपल्या चाळीसगावच्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती! मंदिराच्या पायाचे कोपरे मोजायला लावा, कुठले बाहेर आलेत कुठले आत गेलेत. आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतलं ते वाऱ्याने मोडलेल्या बांबूचं गणित आहे ना, ३२ हात बांबू, मोडून शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर कितीवर मोडला? पायथागोरस चौथीला येत नाही, येऊ पण नये. पण एक ३२ वीत सुतळी घ्या, एकाने जमिनीशी धरायची, दुसऱ्याने वर सरळ ताणायची, तिसऱ्याने टोक १६ वितींवर टेकवायचं, आणि वरच्याने हात वर-खाली करत सुतळी दोन्हीकडे ताठ होईल ती जागा शोधायची. सगळ्यांनी मिळून एकाच पोराच्या वितीने मोजायचं एवढं सांभाळा. १२ वितींवर सापडते. भास्कराचार्यांचं उत्तरही १२ च आहे.

एक राहिलंच, तो एक हेडसेट घेतलाच तर हायस्कूलच्या सरांना नीट सांगा की तो खिडकीत किंवा उन्हात ठेवायचा नाही. भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर जळून डाग पडतो, आणि आपलं चाळीसगाव-जळगावचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहितीच आहे. डोळे यायची साथ असली की पंधरा दिवस बंद, एरवीही प्रत्येक पोरानंतर पुसायचा. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या वहीत लिहून ठेवायचा, एकाच्या मोबाईलमधे नको. आणि मीटिंग झाली की आप्पा कुठल्या घडणीवर अडकले ते मला नक्की कळवा.